हौशी रंगकाम आणि घरची हवा

एकत्र कुटुंबांत कोणती वस्तु कोणाची, यावरून होणारे वाद आमच्या वाचकांस नवे नाहींत. जमीन, दागिने, तांब्यापितळेचीं भांडीं, फार काय, आजोबांचा अडकित्ता, या सर्वांच्या वांटण्या झालेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. परंतु एक मिळकत अशी आहे कीं, तिची वांटणी करून देणारा वकील अद्याप जन्मास आलेला नाहीं. ती म्हणजे घरांतील हवा. शेवटच्या खोलींत कोणीं विडी ओढली तर तिचा हिस्सा पाळण्यांत निजलेल्या मुलासही पोंचतो, आणि त्यानें तो मागितलेला नसतो.

गेल्या वर्षीं आमच्या घरांत या सामाईक मिळकतीवरून बरीच भवति न भवति झाली. तिला कारण आमच्या पुतण्याचा एक छंद. तोच छंद आतां पुष्कळ घरांतील मुलांस लागला आहे असें ऐकतों. म्हणून त्या वादांतून आमच्या हातीं जें कांहीं लागलें, तें येथें सांगावेंसें वाटतें.

आम्ही नव्या मुंबईंत नेरूळ येथें राहतों. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली व खाडीपलीकडे हें शहर वसूं लागलें, तेव्हां गिरगांव-दादरकडील आमच्यासारखीं अनेक कुटुंबें पुढेंमागें इकडे आलीं. चाळींत खाजगीपणा नव्हता, पण वारा होता. गॅलरीच्या या टोकानें शिरे आणि त्या टोकानें जाई. येथें खाजगीपणा आहे, पण सरकत्या कांचा लावून घेतल्या कीं वाऱ्याचा मार्ग खुंटला. त्यांत भिंतीवरचा एअरकंडिशनर आला. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, हें यंत्र बाहेरची ताजी हवा आंत आणतें. घरोघरचें स्प्लिट यंत्र तसें कांहीं करीत नाहीं. खोलींतलीच हवा तें ओढतें, थंड करतें आणि पुन्हां खोलींतच सोडतें. हवेंत जें मिसळलें असेल तें थंड होऊन आपणांकडे परत येतें, इतकेंच.

अशा घरांत आम्ही नऊ माणसें. सर्वांत वडील आमच्या मातुःश्री, वय वर्षें एक्यायशीं, दम्याचा विकार जुना. सर्वांत लहान आमची नात, नुकती रांगूं लागलेली. पुतण्या इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचीं विमानें, रणगाडे, जहाजें जोडून तीं हुबेहूब रंगवावयाचीं, हा त्याचा छंद. आम्हांस तो मनापासून आवडतो. मोबाइलकडे न पाहतां तरुण मुलगा चार चार तास एका जागीं बसतो, हेंच आजकाल अप्रूप. गेल्या वर्षीं त्यानें प्लॅस्टिकचे पत्रे कापून ‘विक्रांत’ या आपल्या जुन्या विमानवाहू नौकेची प्रतिकृति करावयास घेतली. ती नौका १९९७ सालीं नौदलाच्या सेवेंतून निवृत्त झाल्यावर कांहीं वर्षें मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती. तेथें मातुःश्रीही एकदां गेल्या होत्या. त्यामुळें घरांत सर्वांचें त्या जहाजाकडे लक्ष होतें.

एवढ्याशा वस्तूवर ब्रशानें रंग दिला तर त्याचे फराटे दिसतात. म्हणून ही मंडळी एअरब्रश वापरतात. टांकाएवढी ती पिचकारी. तिला कॉम्प्रेसरची हवा जोडली कीं रंगाचें धुकें होऊन तो वस्तूवर एकसारखा बसतो. पण जेवढा रंग वस्तूवर बसतो, त्याखेरीज पुष्कळसा हवेंतच तरंगत राहतो, आणि रंग पातळ करण्यास घातलेलें थिनर तर सगळेंच्या सगळें हवेंत जातें. पुतण्याच्या खोलीचें दार बंद असे, तरी संध्याकाळीं देवघरापर्यंत वास येई.

श्रावणांत मातुःश्रींचा खोकला वाढला. रात्री उशाशीं तक्के लावून बसून काढूं लागल्या. आम्हीं तें पावसाळी हवेवर घातलें. नेहमींचे डॉक्टर आले, त्यांनीं छाती तपासली, आणि औषध लिहिण्यापूर्वीं एकच प्रश्न केला, “घरांत कांहीं रंगकाम चाललें आहे काय?”

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाहीं. त्याला तीनशें वर्षांचा इतिहास आहे. इटलींत बर्नार्दिनो रामाझिनी नांवाचा वैद्य होऊन गेला. कारागिरांच्या रोगांवर त्यानें १७०० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्यास जे प्रश्न विचारण्याची वैद्यांची जुनी चाल होती, त्यांत ‘तूं धंदा काय करतोस?’ या प्रश्नाची भर त्यानें घातली. चित्रकारांचा फिकटपणा व त्यांचीं दुखणीं यांचा संबंध रंगांतील शिसें, पारा इत्यादि द्रव्यांशीं असावा, हेंही त्यानें लिहून ठेविलें आहे. आमच्या मातुःश्रींचा धंदा देवपूजा व नातीस खेळविणें. चित्रकार दुसराच होता, भिंतीपलीकडे.

रात्रीं जेवणानंतर सभा भरली. थोरल्या बंधूंचा निकाल एका वाक्यांत होता: तो कॉम्प्रेसर उद्यां सकाळीं घराबाहेर गेला पाहिजे. पुतण्याचें म्हणणें, “पण बाबा, मी मास्क लावतों ना!” आणि त्यानें मास्क आणून दाखविला. तो करोनाच्या सांथींत आणलेल्यांपैकीं, पांढरा, वाटीसारखा. मातुःश्री आंतून सारें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “बाळ, तूं आपलें नाक बांधलेंस तें ठीक केलेंस. आम्हीं काय बांधावें?”

त्या एका वाक्यांत सगळा विषय आला, असें आम्हांस तेव्हांही वाटलें आणि आतांही वाटतें. मास्क ही एका नाकाची सोय आहे. घराची सोय निराळी करावी लागते. परंतु पहिली गोष्टही नीट होत नव्हती, म्हणून ती आधीं सांगतों.

पिचकारींतून दोन वस्तु हवेंत जातात आणि त्यांची जात अगदीं भिन्न आहे. एक रंगाचे सूक्ष्म थेंब, दुसरी थिनरची वाफ. केसाची जाडी सुमारें सत्तर मायक्रॉन धरली, तर दहा मायक्रॉनहून बारीक कण नाकांतील केसांस न जुमानतां खालीं उतरतात आणि त्यांहूनही बारीक असलेले फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. हे कण एन-९५ मास्कनें, अथवा आपल्याकडील आय. एस. ९४७३ या मानकाच्या चांगल्या मास्कनें अडतात. वाफ मात्र कण नव्हे. ती त्या कापडांतून अशी जाते, जसें चाळणींतून पाणी. म्हणजे पुतण्याचा पांढरा मास्क रंग अडवीत होता व थिनर सोडीत होता; आणि रंग दिसत नाहीं म्हणून धोकाही नाहीं, अशी त्याची समजूत होऊन बसली होती.

वाफेस अडवितो तो कोळसा. दोन्ही गालांशीं डब्या असलेला जो रबरी अर्धा मास्क मिळतो, त्याच्या कार्ट्रिजमध्यें सक्रिय कोळसा भरलेला असतो. त्याच्या एका ग्रॅमच्या आंतील छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर शेंकडों चौरस मीटर भरतो, आणि वाफेचे रेणु त्या पृष्ठभागास चिकटून राहतात. उत्तम कोळसा होतो तो नारळाच्या करवंटीचा. पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, विषारी वायूपासून सैनिकांचें रक्षण करणाऱ्या मास्कांसाठीं अमेरिकेंत घरोघरून पीचच्या आंठ्या आणि करवंट्या गोळा केल्या गेल्या. आमच्या कोंकणांत ज्या करवंट्या बंबांत जातात, त्यांची ही योग्यता! रंगकामास वाफेचा कोळसा आणि त्यावर कणांची गाळणी, असें जोड-कार्ट्रिज लागतें. नुसता कोळसा रंगाचे कण अडवीत नाहीं. अमेरिकन पद्धतींत अशा वाफेच्या कार्ट्रिजवर काळा पट्टा असतो, युरोपीय पद्धतींत तपकिरी. विकत घेतांना तो पट्टा पाहावा.

या कार्ट्रिजची एक खोड आहे. पाकिटांतून काढल्यापासून तें काम करूं लागतें, तुम्ही तोंडास लावा वा न लावा. खुंटीस टांगून ठेविलें तर खोलींतील वाफा शोषून तें टांगल्या जागींच संपतें. आमच्याकडे तें घट्ट झांकणाच्या स्टीलच्या डब्यांत राहतें आणि डब्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली असते. (हा डबा पूर्वीं शेवयांचा होता, वहिनींनीं तो दिला, पण परत घेणार नाहीं असेंही सांगितलें.) मास्क लावला असतां वास आला तर कार्ट्रिज संपलें किंवा मास्क नीट बसला नाहीं असें समजून काम थांबवावें, पण वास आला नाहीं म्हणजे सर्व क्षेम आहे असें मात्र समजूं नये. नाक हा भरंवशाचा पहारेकरी नव्हे. थोड्याच वेळांत त्याला वासाची संवय होते.

मास्क बसला कीं नाहीं हें पाहण्याची रीत सोपी आहे. दोन्ही डब्यांवर तळहात दाबून हळूच श्वास आंत ओढावा. मास्क गालांस चिकटून तसाच राहिला पाहिजे. पुतण्याचा कांहीं केल्या राहीना. कारण दाढी. केसांच्या फटींतून हवा शिरते, आणि मग आंतील कोळसा कितीही उंची असला तरी व्यर्थ. गेलीं दोन वर्षें मातुःश्री त्या दाढीविरुद्ध अर्ज-विनंत्या करीत होत्या. जें आजीस साधलें नाहीं, तें एका रबरी मास्कनें एका सकाळींत साधलें.

हें झालें एका नाकाचें. आतां बाकीच्या आठ नाकांकडे वळूं.

पनवेलच्या पुढें पेण आहे. तेथील व आसपासच्या हमरापूर, जोहे वगैरे गांवांतील गणपतीचे कारखाने महाराष्ट्रास ठाऊक आहेत. आमचा गणपति तेथूनच येतो. त्या वर्षीं मूर्ति सांगावयास पुतण्यास मुद्दाम बरोबर नेलें. तेथेंही आतां पितांबर आणि अंगकांति पिचकारीनें रंगवितात. डोळ्यांची आखणी तेवढी हातानें होते. परंतु आम्ही गेलों त्या कारखान्याची शेड एका अंगानें पूर्ण उघडी होती. एक वयस्क कारागीर उभा होता त्या जागेकडे आम्हीं पुतण्याचें लक्ष वेधलें. विचारल्यावर ते म्हणाले, “वारा समोरून घेतला तर रंग तोंडावर. पाठीवर घेतला तरी पुढें भोवरा होऊन थोडा परत येतो. वारा आडवा घ्यायचा.” पुस्तकांतील वायुगति शिकणाऱ्या मुलास हा धडा पेणच्या शेडींत मिळाला, याचें आम्हांस समाधान वाटलें.

फ्लॅटांत असा आडवा वारा येणार कोठून? तो पंख्यानें निर्माण करावा लागतो. आणि येथें लोक हटकून एक चूक करतात. खोलीच्या खिडकींत पंखा बसविला कीं काम झालें असें त्यांस वाटतें. पण तोंवर वाफ खोलीभर पसरलेली असते आणि रंगविणाराच्या नाकावरूनच पंख्याकडे जाते. १९४८ च्या कारखाना कायद्यांत चौदावें कलम होतें. धूळ किंवा वाफ जेथें उत्पन्न होते, तिच्या उगमाच्या शक्य तितक्या जवळ ओढून घ्यावी आणि तो उगम शक्य तितका बंदिस्त करावा, असें त्यांत सांगितलें होतें. ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेच्या कारखान्यांतील कामगारांसाठीं तें लिहिलेलें. घरास तो कायदा लागू नव्हता, पण त्यांतील युक्ति घरासही तितकीच खरी आहे.

त्याप्रमाणें आम्हीं पुतण्याकडून एक खोका करविला. तीन बाजूंनीं बंद, समोरून उघडा; उघडें तोंड दोन फूट रुंद व दीड फूट उंच. मागें गाळणीचा जाड कापूस, त्यामागें पंखा, पंख्यापासून खिडकीबाहेर नळी. सरकत्या खिडकीचें एक तावदान काढून तेथें प्लायवूडची फळी बसविली आणि तिला नळीपुरतें भोंक पाडलें. अशा खोक्याच्या तोंडाशीं हवा मिनिटास सुमारें शंभर फूट वेगानें आंत जावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. आमच्या खोक्याचें तोंड तीन चौरस फूट. म्हणजे मिनिटास तीनशें घनफूट हवा ओढणारा पंखा हवा. पंख्यावर छापलेला आंकडा मोकळ्या हवेंतला असतो. नळी आणि गाळणी लागली कीं तो पुष्कळ उतरतो, आणि नळीस प्रत्येक वळण दिलें कीं आणखी. म्हणून पंखा मोठा घ्यावा आणि नळी आंखूड व सरळ ठेवावी. पंख्याची मोटार वाफेच्या प्रवाहांत येणारी नसावी, कारण तिची ठिणगी.

एक गोष्ट मुलांच्या लक्षांत येत नाहीं. दहा बाय बारा फुटांची नऊ फूट उंचीची खोली म्हणजे एक हजार ऐंशी घनफूट हवा. तीनशेंच्या हिशेबानें ती चार मिनिटांच्या आंत बाहेर गेली. तिच्या जागीं दुसरी आली नाहीं तर पंखा नुसता गुरगुरत बसतो. तेव्हां हवा बाहेर जाण्याची जशी, तशी आंत येण्याचीही वाट ठेविली पाहिजे. ती रंगविणाराच्या पाठीमागची नसून बाजूची असावी, हें पेणचें ज्ञान. आमच्याकडे बाजूची दुसरी खिडकी उघडी राहते, आणि घरांत येणारें दार मात्र बंद; त्याखालच्या फटीस जुनें धोतर गुंडाळून लावतात.

हें सर्व बरोबर चालतें कीं नाहीं याची परीक्षा मातुःश्रींनीं सुचविली. रंगाच्या व थिनरच्या बाटल्या बंद करून दुसऱ्या खोलींत नेऊन ठेविल्या, पंखा सुरू केला, आणि खोक्याच्या तोंडाशीं उदबत्ती धरली. धूर सरळ आंत गेला. कोपऱ्यांत धरली तेव्हां मात्र तो घुटमळला व थोडा बाहेर आला. तेथें पुठ्ठ्याची पट्टी लावून तें तोंड अरुंद केलें. सरळ वाहणारी धुराची रेघ पाहून थोरल्या बंधूंनीं प्रथमच मान डोलावली.

उदबत्ती म्हणतांना देवघर आठवलें. आमच्या देवघरांत समई तेवत असते. थिनरमधील टोल्युईनची वाफ चार अंश सेंटिग्रेडलाच पेट घेण्याजोगी होते, ॲसिटोनची तर शून्याखालीं जवळजवळ वीस अंशांवर. नेरूळास थंडी ती किती पडणार? म्हणजे उघड्या बाटलीच्या तोंडाशीं बाराही महिने पेटण्यास तयार अशी वाफ असते. ती हवेहून जड असल्यामुळें दाट असली तर जमिनीलगत सरपटते, दाराखालून पुढें जाते. आणि जमिनीवर कोण असतें? रांगणारी नात. तयार रंगाचे जे स्प्रेचे डबे बाजारांत मिळतात, त्यांत तर रंगास बाहेर ढकलण्यासाठीं बहुधा स्वयंपाकाच्या सिलिंडरांत असतो त्याच जातीचा वायु भरलेला असतो. ते डबे आमच्या घरांत यावयाचे नाहींत, हा बंधूंचा हुकूम आम्हीं एकमतानें मान्य केला.

बाहेर सोडलेली हवा कोठें जाते, हाही प्रश्न सुटत नाहीं. पुष्कळ इमारतींत न्हाणीघरांच्या खिडक्या ज्या पोकळींत उघडतात तिला ‘डक्ट’ म्हणतात. नळी त्या डक्टमध्यें सोडणें सर्वांत सोपें, आणि सर्वांत वाईट. सात मजल्यांच्या न्हाणीघरांत तो वास जातो. आमची नळी पश्चिमेच्या खिडकींतून निघते. दुपारीं समुद्राकडून येणारा वारा तिच्या तोंडावर आदळून सगळें आंत लोटी. सकाळीं मात्र हवा बहुधा शांत किंवा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारी असते. म्हणून रंगकाम सकाळीं नऊपूर्वीं. वरच्या मजल्यावरील बाईंचें वाळत घातलेलें लुगडें दहाला बाहेर येतें, हेंही त्यांत साधलें. कापसाची गाळणी रंगाचे कण धरते, वास धरीत नाहीं. तेव्हां शेजाऱ्यांस आधीं सांगून ठेवणें हाच त्यावर उपाय.

रंग कोणता, हें आम्हीं शेवटीं ठेविलें, पण पुतण्याच्या मतें तो प्रश्न पहिला. पाण्यांत मिसळणारे ॲक्रिलिक रंग आगीच्या दृष्टीनें फार निर्धास्त, वासही थोडा; पण धुकें तें धुकेंच, पाण्याचें असलें तरी फुप्फुसांत त्याचें काम नाहीं, म्हणून मास्क आणि खोका त्यासही हवाच. पुतण्यानें आतां निम्मेंअधिक काम या रंगांवर आणलें आहे. पिचकारीच्या टोंकाशीं ते लवकर वाळतात ही त्याची तक्रार, आणि ती खरी आहे. दुकानांतील घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्षांत नव्वद भागांहून अधिक नसावें असा नियम आपल्याकडे २०१६ सालीं झाला व पुढील वर्षापासून अमलांत आला. परंतु तो घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे, कारखान्यांसाठीं होणाऱ्या रंगांस त्याचा आधार धरूं नये. कॅडमियमचे पिवळे-तांबडे रंग ब्रशानें लावावे, पिचकारींत कधींही घालूं नयेत. मोटारीस देतात तो दोन डब्यांचा, हार्डनर घालून वापरण्याचा रंग घरीं आणूंच नये. त्यांतील आयसोसायनेट नांवाच्या द्रव्यानें धडधाकट माणसास दमा जडतो, आणि एकदां जडला कीं पुढें त्याचा अल्पसा अंशही सोसत नाहीं. कोळशाची डबी संपली तरी त्याचा वास सूचना देत नाहीं. पुतण्याचा एक मित्र तो वापरतो. त्यास घरीं बोलावून जेवूं घातलें आणि आजींनीं स्वतः आपला इन्हेलर दाखविला.

काम संपलें तरी पंखा अर्धा तास चालूं राहतो, आणि ओली वस्तु खोक्यांतच वाळते. ती हॉलमधील कपाटावर शोभेस ठेवण्याचा मोह आवरावा लागतो, कारण वाळणें म्हणजेच उरलेली वाफ सोडणें. थिनरचे बोळे झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत. हातमोजे नायट्राइलचे, थिनरपुढें तेही फार वेळ टिकत नाहींत, भिजले कीं बदलावे. डोळ्यांस चष्मा हवा तो बाजूनेंही बंद असा.

मातुःश्रींचा दमा गेला असें आम्ही म्हणत नाहीं. तो चाळीस वर्षांचा आहे. पण रात्रीं त्या निजतात. खोका, पंखा, नळी, मास्क या सर्वांचा खर्च बंधूंनीं दिला आणि तो पुतण्याच्या नांवावर लिहिला.

‘विक्रांत’चा डेक अद्याप रंगावयाचा आहे. हवेंत दमटपणा फार असला कीं थिनर भराभर उडतांना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दंव धरतें आणि करड्या रंगावर पांढुरकी झांक येते. म्हणून भाद्रपद उलटेपर्यंत पिचकारी बंद आहे. कार्ट्रिज शेवयांच्या डब्यांत आहे. जहाज दिवाळीपूर्वीं शोकेसमध्यें हवें, असें मातुःश्रींनीं बजाविलें आहे.